चहापानाचा खर्च

देवगिरी एक्स्प्रेस सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला लागते. डिसेंबर ते मार्च या चर्चासत्रांच्या हंगामात तिच्या स्लीपर डब्यातून उतरणाऱ्यांत एक माणूस हमखास असतो. पाठीवर सॅक, हातात पिशवी आणि पिशवीत वर्तमानपत्राच्या घडीत जपून आणलेला इस्त्रीचा शर्ट. तो बाहेर टॅक्सीकडे वळत नाही, प्रतीक्षालयाकडे जातो. तिथल्या रांगेत उभा राहून आंघोळ उरकतो, खुंटीवर टांगलेला शर्ट भिजणार नाही एवढं बघतो आणि साडेनऊला उपनगरातल्या कुठल्याशा महाविद्यालयाच्या नोंदणी टेबलापाशी हजर होतो. खिशात पेनड्राइव्ह असतो आणि निबंधाच्या दोन छापील प्रतीही असतात. श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर परक्या संगणकावर उघडला की इंग्रजी अक्षरांचा नुसता काला दिसतो, हे त्याला मागच्या वेळच्या फजितीतून कळलेलं असतं.

हा माणूस परभणीकडचा, इतिहासाचा, तासिका तत्त्वावर शिकवणारा. निजामकाळातल्या जमीनमहसुलावर तो काम करतो. त्याला कुठल्याही जिल्ह्यातला आणि कुठल्याही विषयाचा केला तरी तपशील फारसे बदलणार नाहीत. नोंदणी शुल्क हजार-पंधराशे, निबंध पुस्तकात छापायचा तर त्याचे वेगळे, रेल्वेचं जाणं-येणं आणि लोकल-रिक्षा. या हिशेबात एक रक्कम कधीच लिहिली जात नाही. ती म्हणजे बुडालेल्या तासांची. कायम नोकरीतल्या प्राध्यापकाला कर्तव्य रजा असते आणि काही ठिकाणी शुल्काची पावती दिली की पैसेही परत मिळतात. तासिकावाल्याचं गणित सरळ आहे. जो तास घेतला त्याचे पैसे, जो घेतला नाही त्याचे नाहीत. म्हणजे परिषदेला जाण्याचा खर्च सगळ्यात जास्त त्यालाच पडतो, आणि त्याचंच उत्पन्न सगळ्यात कमी असतं.

मग तो काटकसर करतो. एक मुक्काम वाचवायचा म्हणून रात्रीची गाडी, परतीचीही रात्रीचीच. दोन दिवसांच्या चर्चासत्राला एकच दिवस. आपला निबंध ज्या सत्रात आहे तेवढं सत्र, जेवण आणि प्रमाणपत्र. कमी पैशात परिषदा कशा कराव्यात याचे सल्ले ज्येष्ठ मंडळी कौतुकाने देतात: शुल्क लवकर भरा म्हणजे सवलत मिळते, ओळखीच्यांकडे उतरा, चौघे मिळून गाडी करा. सल्ले खोटे नाहीत. पण या काटकसरीत पहिली कात्री कशाला लागते हे बघण्यासारखं आहे. कात्री लागते ती संध्याकाळला, दुसऱ्या दिवशीच्या सकाळला आणि चहाच्या रांगेतल्या गप्पांना. निबंध वाचायला मिळतात पंधरा मिनिटं. उद्घाटनाचे सत्कार लांबतात आणि सत्राध्यक्ष ती पाचावर आणतात. समोर श्रोते म्हणून त्याच सत्रातले उरलेले वाचक बसलेले असतात, आपापली पानं चाळत. या पाच मिनिटांसाठी परभणीहून मुंबईला यायची गरज नव्हती. निबंध टपालाने पाठवला असता तरी भागलं असतं.

टपालाने पाठवणं ही विनोदाची गोष्ट नाही. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७४ साली नेमकं हेच केलं. प्राच्यविद्यांची आंतरराष्ट्रीय परिषद त्या वर्षी लंडनला भरली होती. त्यांना निमंत्रण होतं, पण जाणं जमलं नाही. नाशिकच्या लेण्यांमधल्या शिलालेखांवरचा निबंध त्यांनी पाठवून दिला आणि तो परिषदेच्या कामकाजात छापलाही गेला. पुढे १८८६ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेला ते मुंबई सरकारचे प्रतिनिधी म्हणून स्वतः गेले. परतल्यावर त्या भेटीवर त्यांनी एक सविस्तर निबंधच वाचला. लंडनला निबंध पोहोचला होता, व्हिएन्नाला माणूस पोहोचला. या दोन्हींत किती अंतर आहे हे त्यांच्याइतकं कोणाला कळलं असेल? भांडारकरांच्या नावाची प्राच्यविद्या संशोधन संस्था पुण्यात १९१७ मध्ये उभी राहिली, आणि दोनच वर्षांनी, नोव्हेंबर १९१९ मध्ये, अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचं पहिलं अधिवेशन तिथेच भरलं. अध्यक्ष होते ब्याऐंशी वर्षांचे भांडारकर. व्हिएन्नाला जाणं ज्यांना कधीच परवडणार नव्हतं, अशा इथल्या पंडितांना रेल्वेच्या तिकिटात गाठता येईल अशी परिषद मिळाली. दुसरं अधिवेशन १९२२ साली कलकत्त्याला झालं आणि त्याचे अध्यक्ष होते फ्रान्सचे सिल्व्हाँ लेव्ही. म्हणजे युरोपचा विद्वानच इकडे आला.

इतिहासकारांनी हीच वाट धरली. भारतीय इतिहास परिषदेचा आरंभही पुण्याचाच, १९३५ सालचा, भारत इतिहास संशोधक मंडळाच्या पुढाकाराने. तिची अधिवेशनं बहुतेक डिसेंबरअखेर भरत आली आहेत. त्या दिवसांत विद्यापीठांना सुट्टी असते आणि वसतिगृहं रिकामी मिळतात. अशा अधिवेशनात अंगावर रजई ओढून खोलीतल्या अनोळखी माणसाशी अकबराच्या जमाबंदीवर वाद घालता येतो. तो वाद कार्यक्रमपत्रिकेत छापलेला नसतो.

महाराष्ट्रात मराठी अर्थशास्त्र परिषद, मराठी समाजशास्त्र परिषद यांच्यासारख्या संस्थांची वार्षिक अधिवेशनंही याच वळणाची. गाव दरवर्षी बदलतं, यजमान असतं स्थानिक महाविद्यालय, निबंध मराठीत. निवासाची सोय म्हणजे वसतिगृह नाहीतर गाद्या घातलेलं सभागृह. पंचतारांकित काही नाही, आणि कोणाला त्याची अपेक्षाही नसते. इथे काटकसर यजमानाने केलेली असते, म्हणून पाहुण्याला ती करावी लागत नाही. सगळा फरक इथेच आहे, आणि तो अलीकडे पुसट होत चालला आहे.

तो का पुसट झाला? एक कारण गुणांचं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी प्राध्यापकाच्या कामाला गुणपत्रिका लावली. परिषदेत वाचलेल्या निबंधाला आंतरराष्ट्रीय पातळीवर १० गुण, राष्ट्रीयला ७.५, राज्य पातळीवर ५, स्थानिकला ३. ज्याला गुण मिळतात त्याला बाजार मिळतो. गावोगावी परिषदा सुरू झाल्या आणि बघता बघता त्या सगळ्या राष्ट्रीय झाल्या. पुढे एखादा परदेशी पाहुणा बोलावून, नाहीतर पडद्यावर आणून, आंतरराष्ट्रीयही झाल्या. २०१८ च्या नियमांनी हे आकडे खाली आणले. देशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला ५, राष्ट्रीयला ३, राज्य किंवा विद्यापीठ पातळीला २, आणि अशा गुणांवर एकूण संशोधन गुणांच्या ३० टक्क्यांची मर्यादा. भाव उतरला, पण बाजार मोडला नाही. आयोजक महाविद्यालयालाही नॅकच्या अहवालात चर्चासत्राची नोंद हवी असते. अशा ठिकाणी नोंदणी शुल्क हा परिषदेचा खर्च भागवण्याचा एक मार्ग न राहता, प्रमाणपत्राची किंमत होतो. किंमत मोजून वस्तू घेतली की ग्राहक दुकानात रेंगाळत नाही. दुपारच्या जेवणानंतर सभागृह रिकामं होतं ते यामुळे, आणि म्हणूनच प्रमाणपत्रं समारोपानंतरच वाटण्याची युक्ती आयोजकांना करावी लागते.

प्रवासाच्या बाजूनेही आधार सुटला. अखिल भारतीय स्वरूपाच्या काही सामाजिक, सांस्कृतिक आणि शैक्षणिक संस्थांच्या वार्षिक अधिवेशनांना जाणाऱ्या प्रतिनिधींना रेल्वे साध्या आणि स्लीपर वर्गात २५ टक्के सवलत देत असे. मार्च २०२० मध्ये विद्यार्थी, रुग्ण आणि दिव्यांगांच्या काही सवलती सोडून बाकीच्या थांबल्या, त्यात हीही गेली. रक्कम काही मोठी नव्हती. पण ज्ञानासाठी प्रवास करणाऱ्याचा थोडा भार सार्वजनिक तिजोरीने उचलावा, हे तत्त्व त्या सवलतीच्या अर्जात होतं.

परदेशी परिषदेची तर गोष्टच वेगळी. युरोपातल्या शेंगेन देशांच्या व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून ९० युरो, अमेरिकेच्या अल्पकालीन व्हिसाचं १८५ डॉलर. व्हिसा नाकारला तरी हे पैसे परत मिळत नाहीत. प्रवास अनुदानाच्या कित्येक योजनांची रीत अशी की आधी स्वतः खर्च करा, आल्यावर बिलं आणि बोर्डिंग पास जोडा, मग पैसे. ज्याच्याकडे दीड-दोन लाख बाजूला पडलेले आहेत, त्यालाच हे अनुदान घेता येतं! गरजू संशोधकासाठी काढलेल्या योजनेत गरजूनेच सरकारला बिनव्याजी कर्ज द्यायचं.

एका माणसाने या प्रश्नाला वेगळं उत्तर शोधलं होतं, आणि त्याची सुरुवात मुंबईशी जोडलेली आहे. अब्दुस सलाम केंब्रिजहून परतून लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजात शिकवत होते. वय पंचविशीतलं, काम कण-भौतिकीतलं, आणि त्यावर बोलायला शहरात कोणी नाही. नोबेल मिळालेले वोल्फगांग पाउली पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत आले आणि त्यांनी सलामना भेटायला बोलावलं. सलाम तडक निघाले. परतल्यावर परवानगीशिवाय गैरहजर राहिल्याबद्दल त्यांच्याकडे खुलासा मागण्यात आला आणि शेवटी ते दिवस बिनपगारी रजेत गेले. आपल्या परभणीकराला ही गोष्ट सांगितली तर तो हसेल, कारण त्याची प्रत्येक रजा बिनपगारीच असते. सलाम १९५४ मध्ये केंब्रिजला परत गेले. संशोधन टिकवायचं तर देश सोडावा लागला, ही खंत त्यांच्या मनातून गेली नाही. १९६४ मध्ये इटलीतल्या त्रिएस्त इथे त्यांनी आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक भौतिकी केंद्र उभारलं आणि त्याला जोडून सहयोगी योजना सुरू केली. विकसनशील देशातल्या शास्त्रज्ञाने नोकरी आपल्याच देशात करायची आणि काही वर्षांच्या मुदतीत अधूनमधून काही आठवडे त्रिएस्तला येऊन राहायचं. खर्च केंद्राचा. तिथल्या बहुतेक उपक्रमांना आजही नोंदणी शुल्क नसतं.

सलामनी कोणाला स्वस्त तिकीट कसं शोधावं ते शिकवलं नाही. शास्त्रज्ञाला काय हवं असतं ते त्यांना अनुभवाने ठाऊक होतं: व्याख्यान नव्हे, तर व्याख्यानानंतर फळ्यापाशी थांबलेला माणूस. म्हणून पैसा घातला तो राहण्यावर. आपल्याकडच्या चर्चासत्रांच्या अंदाजपत्रकात स्मृतिचिन्हं, शाली, फ्लेक्स आणि छापील पिशव्यांना जागा असते. बाहेरगावच्या तरुण वाचकाच्या एका रात्रीच्या निवासाला नसते. बीजभाषकाच्या विमानाच्या तिकिटात अशा किती रात्री बसतील, हा हिशेब कुठल्याच निमंत्रकाला अवघड नाही.

करोनाच्या काळात वाटलं होतं की प्रश्न सुटला. २०२० च्या उन्हाळ्यात वेबिनारांचा पूर आला. शुल्क नाही, प्रवास नाही, शेवटी अभिप्रायाचा फॉर्म भरला की ई-प्रमाणपत्र मेलवर. त्या काळाची चेष्टा करणं सोपं आहे. पण गडचिरोलीतल्या शिक्षिकेला घरबसल्या चांगली व्याख्यानं ऐकायला मिळाली, ती त्याआधी कधी मिळाली होती? बंगळूरच्या आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक विज्ञान केंद्रासारख्या संस्थांची व्याख्यानं आज यूट्यूबवर कोणीही ऐकू शकतं. ऐकण्याचा खर्च खरोखरच शून्यावर आला आहे. आणि त्यामुळेच प्रत्यक्ष जमायचं ते कशासाठी, हा प्रश्न जास्त टोचायला हवा होता. तसं झालं नाही. टाळेबंदी उठल्यावर सभागृहं उघडली, सत्कार परतले, निबंधाची मिनिटं पुन्हा पाचावर आली.

परभणीच्या प्राध्यापकाचा त्या दिवशीचा निबंध साडेतीनला झाला. प्रश्न कोणी विचारला नाही. साडेचारला प्रमाणपत्र हातात पडलं, पाचला सभागृहाला कुलूप लागलं आणि देवगिरी सुटायला बराच वेळ होता. संध्याकाळी टर्मिनसवर, बाकावर वडापावचा कागद उलगडून तो बसला होता, तेव्हा शेजारी येऊन बसलेल्या माणसाच्या खांद्याला तीच छापील पिशवी होती. दुसऱ्या सत्रातला, नांदेडचा. त्या दिवशी दोघांनी एकमेकांना पाहिलंही नव्हतं.

‘तुमचा विषय काय होता सर?’

परभणीकराने सांगितलं आणि अडचणही सांगितली. तहसील कचेरीत खासरा पाहणी पत्रकं मिळतात, पण ती १९५४-५५ सालची. त्याच्या मागे जाता येत नाही, आणि जुनं दप्तर हाती लागलं तरी उर्दू वाचणार कोण? नांदेडकराने पिशवी बाजूला ठेवली. निजाम सरकारचं दप्तर हैदराबादच्या पुराभिलेखागारात, तारनाक्याला आहे, तो स्वतः तिथे बसून आला होता. महसूल खात्याच्या फायलींपर्यंत कसं पोहोचायचं, अर्ज कोणाच्या नावाने करायचा, आणि नांदेडमध्येच एक निवृत्त उर्दू शिक्षक शिकस्ता लिपी बसून वाचून देतात, हे तो सांगत गेला. परभणीकराने कार्यक्रमपत्रिका काढली आणि तिच्या कोऱ्या पाठीवर सगळं उतरवून घेतलं. गाडी फलाटाला लागली तेव्हा दोघांचे डबे वेगळे निघाले. नांदेडकराने तिकीट तपासनिसाला विनंती करून आपली जागा बदलून घेतली.

परभणी मागे टाकून हीच गाडी पुढे नांदेडवरून सिकंदराबादकडे जाते. तिथवरचं तिकीट किती पडेल, हे परभणीकराने उतरण्याआधी मोबाइलवर बघून ठेवलं.