नामावलीतील हात

डेव्हिड फिंचर यांच्या १९९५ सालच्या ‘सेव्हन’ या थरारपटाची आरंभीची श्रेयनामावली काइल कूपर यांनी योजिली. सात प्रमुख पापांचा दंड म्हणून एकेक खून करणाऱ्याची ही कथा. परंतु आरंभी ना खून दिसतो, ना चेहरा. दिसतात केवळ हात: पात्याने बोटांच्या टोकांची कातडी सोलणारे, वह्या शिवणारे, डॉलरच्या नोटेवरून ‘देव’ हा शब्द अलगद कापून काढणारे. अक्षरेही ओरखडलेली, थरथरणारी. खुन्याची भूमिका करणाऱ्या केव्हिन स्पेसी यांचे नाव तेथे मुद्दाम वगळले आहे.

आम्हांस अस्वस्थ करते ती त्या हातांची चिकाटी. मठातील संन्यासी हस्तलिखित उतरवीत असावा, तसे ते तन्मय आहेत. आळस हे सात पापांपैकी एक. या माणसाला तर तो ठाऊकच नाही. मग उद्योगशीलतेला सद्गुण म्हणावे काय? कष्ट, शिस्त, नेम यांना आम्ही घरात नि धर्मशिक्षणाच्या वर्गात किती सहज पुण्याच्या खात्यावर मांडतो! दुष्टाईला असे देखणे रूप द्यावे का, हा आक्षेप अगदीच गैर नाही. तथापि चेहरा झाकल्यामुळे ते हात कोणाचेही असू शकतात. आणि सुमारे दोन मिनिटे आम्ही, काम नीट उतरते आहे ना, याच काळजीने ते पाहत राहतो.