दिलेलाच बिंदू निसटतो तेव्हा

बोरघाटातला लोहमार्ग सर्वांत खडा आहे तिथे त्याचा चढ ३७ला १ आहे: आडवं ३७ मीटर अंतर कापलं की गाडी १ मीटर वर. कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लावतात ती यासाठीच. पण एवढ्यावरून गाडी किती उंचीवर आहे हे कळत नाही. त्या टप्प्यातल्या एका जागेची उंची मिळाली, की चढ तोच राहील तिथवर प्रत्येक जागेची उंची मांडता येते. ७४० मीटर पुढे गेलात, तर २० मीटर वर.

नुसत्या चढावर असंख्य समांतर रेषा बसतात, नुसत्या बिंदूतून असंख्य रेषा जातात. दोन्ही मिळाले की रेषा एकच उरते. बिंदू आणि चढ यांवरून त्या रेषेचं समीकरण देणारं सूत्र मुलं घोकतात, याचं मला फार वाईट वाटतं. कारण घोकण्यासारखं त्यात काहीच नाही. बिंदू (१, २) आणि चढ ३ घ्या. रेषेवरचा कुठलाही बिंदू (क्ष, य) धरला, तर तिथवरची वाढ भागिले आडवं अंतर ३ यायला हवं:

(य − २) / (क्ष − १) = ३

चढाची व्याख्याच ही, पुन्हा एकदा लिहिलेली. आता यात (१, २) घालून पाहा. शून्य भागिले शून्य! ज्या बिंदूच्या आधाराने समीकरण उभं केलं, तोच त्यात बसत नाही. छेदाने गुणून य − २ = ३(क्ष − १) असं लिहिलं, की दोन्ही बाजू शून्य होतात आणि तो रेषेवर परत येतो. वर्गात ही पायरी ‘तिरकस गुणाकार’ म्हणून उरकली जाते. वास्तविक गणिताचं खरं मर्म इथेच आहे.

दिलेल्या बिंदूला काही खास मानही नाही. (२, ५) हाही याच रेषेवर आहे; त्यापासून सुरुवात केली तरी शेवटी य = ३क्ष − १ हेच येतं. उभी रेषा मात्र या सूत्रात मावत नाही, तिला चढच नसतो.

पुढे कलनशास्त्रात वक्राच्या एका बिंदूपाशी चढ मिळतो आणि हेच सूत्र स्पर्शिका देतं. वर्गमुळाच्या वक्रावर (९, ३) पाशी चढ १/६ आहे. त्या स्पर्शिकेवरून १०चं वर्गमूळ ३ + १/६, म्हणजे सुमारे ३.१६७ येतं, खरी किंमत ३.१६२च्या जवळ आहे. यंत्राशिवाय एका ओळीत एवढी अचूकता!

शिक्षकांना माझी विनंती आहे: फळ्यावर सूत्र लिहिण्याआधी ते गुणोत्तर लिहा, आणि दिलेला बिंदू त्यात बसतो का, हे मुलांना विचारा. पाच-दहा मिनिटं जातील, ती जाऊ द्या.