ऐकणाऱ्याचा अधिकार

बोलणारा मोठा की ऐकणारा, हा वाद जुना आहे. भागवतात प्रह्लादाने भक्तीचे जे नऊ प्रकार सांगितले, त्यांत पहिले श्रवण आणि दुसरे कीर्तन. म्हणजे आपल्या परंपरेने कीर्तनकाराच्याही आधी श्रोत्यास पाट मांडला आहे. परंतु कान उघडे असले म्हणजे श्रवण घडते काय? आम्हांस तसे वाटत नाही. श्रवण म्हणजे आपण होऊन दिलेला कान. हरिदासापुढे जो बसतो तो घरून चालत आलेला असतो, आणि कंटाळला तर उठून जाण्यास मोकळा असतो.

इंदुरास आमच्या परिचयाचे एक गृहस्थ लग्नांत व मिरवणुकींत ध्वनियंत्रणा लावण्याचा व्यवसाय करतात. लोक त्यांस 'डीजे' म्हणतात. बालपणाचा विषय निघाला की ते हटकून अमीन सयानींवर येतात. बुधवारची रात्र, आठचा सुमार; लघुलहरींवरून येणारा सिलोनचा आवाज लाटेसारखा जवळ येई, दूर जाई, आणि वडील खुंटी पिळीत बसत. आजी मात्र चुलीपुढची आवराआवर टाकून ओसरीवर येई, कारण हा निवेदक आधी 'बहनो' म्हणे आणि मग 'भाइयो'. तिला हिंदी बेताचेच येई; पण आपणांस कोणी आधी हाक मारली, एवढे तिला पुरे होते. हा मुलगा पितळी तांब्यात तोंड घालून तोच आवाज काढी. (तांब्यात आवाज घुमतो मोठा झकास!)

त्या हाकेतील आर्जव केवळ गळ्याचे नव्हते. सयानींचा जन्म 1932 चा, मुंबईतला. त्यांच्या मातोश्री कुलसुम सयानी नवशिक्षितांसाठी 'रहबर' नावाचे पाक्षिक देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तिन्ही लिप्यांत काढीत, आणि मुलगा त्यात हातभार लावी. जो नुकता वाचू लागला आहे त्यास अडू नये असे लिहावयाचे, हे बाळकडू त्यांस तेथे मिळाले. 3 डिसेंबर 1952 रोजी रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, आणि पहिल्याच कार्यक्रमास सुमारे 9,000 पत्रे आली, असे ते सांगत. पुढे गीतांचा क्रम ठरविताना तबकड्यांच्या विक्रीबरोबर गावोगावच्या श्रोतासंघांची मतेही विचारात घेतली जात. दिसत नसलेल्या श्रोत्यास त्यांनी गृहीत धरले नाही.

त्याच वर्षी डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. त्यांची विद्वत्ता आणि अभिजात संगीतावरील निष्ठा यांविषयी आम्हांस आदरच आहे. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळचा. परंतु त्यांच्या धोरणाने चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोत्यांनी मुकाट्याने काटा कोलंबोकडे वळविला. अखेर 3 ऑक्टोबर 1957 रोजी 'विविध भारती' सुरू करावी लागली. इंदूरकरांस तर ही निवड करण्याचे कारणच नव्हते. ज्या नगरीत अमीर खाँसाहेबांचे गाणे वाढले, त्याच नगरीत मंगेशीच्या दीनानाथांची कन्या लता 1929 साली जन्मली.

केसकरांनी जे दिले नाही ते श्रोत्यास न विचारता, आणि आजची ध्वनिभिंत जे देते तेही त्यास न विचारताच. चूक एकाच जातीची. मात्र दुसरी अधिक जाचक. नभोवाणीस खुंटी होती. मिरवणुकीच्या भिंतीस रस्त्यावरच्या माणसासाठी खुंटी नाही. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा 2000 सालच्या नियमांनी घातली आहे. ती कितपत पाळली जाते, हे मिरवणुकीच्या वाटेवर घर असलेल्यांस विचारावे.

आम्ही त्या गृहस्थांस हे बोलून दाखविले. ते रागावले नाहीत. "लोक मागतात म्हणून लावतो," म्हणाले. खरेच आहे, पण मागणारे ते सुपारी देणारे. वरच्या मजल्यावर तान्हे मूल निजविणारी जी कोणी असेल, तिने काही मागितलेले नसते. तीही 'बहनो'तलीच, असे आम्ही म्हणालो, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले.

त्यांस एकट्यास आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे मात्र न्यायाचे होणार नाही. आमच्या देवस्थानांच्या कर्ण्यांचे तोंड सभामंडपाकडे असते की गल्लीकडे? रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक लावू नये, असे तेच नियम सांगतात, आणि काकड आरती तर त्याआधीची. पूर्वी तिला टाळ, घंटा आणि जमलेल्यांचे कंठ पुरत. ज्यास यावयाचे तो अंधारात कंदील घेऊन येई. पुढच्या उत्सवाची वर्गणी मागावयास मंडळी घरोघर जातीलच. त्याच फेरीत शेजारच्या आजाऱ्यास, परीक्षेच्या मुलास, त्या लेकुरवाळीस, कर्णा चालेल काय, हेही विचारून यावे, आणि नको म्हटले तर तेही वहीत लिहून घ्यावे.