उन्हाळ्यांतील डोह आणि गळ

वैशाखाच्या सुटींत गांवीं आलेलीं मुलें गळ घेऊन पाण्यावर जातात, ही गोष्ट आमच्या खेडोपाडींच्या वाचकांस नवी नाहीं. धाराशिव जिल्ह्यांतील सोनारी व तिच्या भोंवतालचा परांडा तालुक्याचा मुलूख घ्या. सीना नदी अहिल्यानगराकडे उगम पावून या तालुक्याच्या कडेनें वाहते व पुढें भीमेस मिळते. चैत्र सरतां सरतां अशा नद्यांची धार तुटते आणि पात्रांत ठिकठिकाणीं डोह तेवढे उरतात. वैशाखांत तेही आक्रसतात. कमरेइतकें पाणी गुडघ्याइतकें होतें, आणि जे मासे पावसाळ्यांत दूरवर फिरत होते ते सर्व एखाद्या अंगणाएवढ्या जागेंत गोळा होतात. मग गळास गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून बसणाऱ्यास फार वेळ वाट पाहावी लागत नाहीं. पाणी आणखी उतरलें कीं गळही नको, टोपली पुरते.

ह्यांत वावगें तें काय, असें कोणी विचारील. आम्ही मासे धरणें पाप आहे असें म्हणत नाहीं. गालील समुद्राच्या कांठीं ज्यांस बोलावणें आलें ते कोळीच होते, आणि मासा हें मनुष्याचें अन्न आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. ज्यास पळावयास वाट उरली नाहीं त्याच्याशीं आपण कसें वागावें, हा तो प्रश्न होय. वाहत्या नदींत मासा आणि माणूस यांचा थोडाबहुत बरोबरीचा सामना असतो. मासा निसटूं शकतो. आटत्या डोहांत सर्व बळ एका बाजूस येतें. तेव्हां किती घ्यावें हें ठरविणारा घेणाऱ्याखेरीज दुसरा कोणी नसतो.

ह्यावर पहिलें उत्तर हटकून येतें तें असें: "डोह आटणारच, मासे मरणारच, मग आम्हीं धरले तर काय बिघडलें?" हें उत्तर ऐकावयास शहाणपणाचें वाटतें, पण तें पुरतें खरें नाहीं. सर्वच डोह आटत नाहींत. जे दोनचार खोल डोह ज्येष्ठापर्यंत टिकतात त्यांतील मासे म्हणजे नदीचें बियाणें होय. पहिला पूर येतांच ते धारेच्या उलट वर चढतात, ओढ्यांत व उथळ पाण्यांत शिरतात, आणि तेथें अंडीं घालतात. कोंकणांत ह्या चढणाऱ्या मासळीस वलगणीचे मासे म्हणतात. शेतकऱ्यानें घरांतील शेवटचें बी दळून खाल्लें तर त्यास आपण काय म्हणूं? शिवाय डोह आटतो तो केवळ उन्हानें नव्हे. कांठच्या उसास लावलेले पंपही तो उपसतात, आणि त्यांचे मालक झाडाखालीं गळ धरून बसलेल्या पोरास दोष देतात, हा एक मौजेचा प्रकार आहे.

मात्र एखादें वर्ष असेंही येतें कीं कांहींच उरत नाहीं. १९७२ चा दुष्काळ वृद्धांच्या स्मरणांत आहे. २०१६ च्या उन्हाळ्यांत तर मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. अशा वर्षीं चिखलांत तडफडणारा मासा काढून कोणी घरीं नेला तर त्यास आम्ही बोल लावणार नाहीं. तसेंच, ज्याच्या घरीं चूल पेटण्यास दुसरा आधार नाहीं त्या भोयास डोह सोडून देण्याचा उपदेश करण्यास आमची जीभ वळणार नाहीं. आवरण्याची गोष्ट आहे ती पोट भरलेल्यासाठीं.

दुसरें उत्तर असें कीं, "मीं सोडले तर दुसरा धरील." ह्या उत्तराचा तोटा एवढाच कीं तो दुसराही हेंच म्हणत असतो.

सुरुंग लावणें, पाण्यांत विष घालणें, विजेची तार सोडणें, मच्छरदाणीनें बोटाएवढीं पिलें गाळून घेणें, ह्या प्रकारांविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. सुरुंग व विष हे तर १८९७ सालच्या कायद्यानेंच गुन्हा ठरविले होते. त्याच डोहावर गुरें पाणी पितात एवढें ज्यास दिसत नाहीं त्यास आमचा लेख काय दिसणार!

तलावांची गोष्ट थोडी वेगळी आहे. सीना-कोळेगांवचें धरण किंवा भीमेवरील उजनीचें, १९८० त पुरें झालेलें, मोठें धरण ह्यांसारख्या जलाशयांत रोहू, कटला, मृगळ यांचें बीज सोडण्याची रीत आहे, आणि मासेमारीचा हक्क पुष्कळदां मच्छीमारांच्या सहकारी संस्था मक्त्यानें घेतात. जेथें असें आहे तेथें न विचारतां गळ टाकणें म्हणजे दुसऱ्याच्या उभ्या पिकांत शिरणें होय. चिलापीविषयीं मात्र आमचें मन इतकें हळवें नाहीं. हा परदेशी मासा १९५२ मध्यें आपल्या देशांत आणला गेला. त्याची मादी अंडीं तोंडांत धरून राखते, म्हणून तो झपाट्यानें वाढतो व देशी माशांस जागा उरूं देत नाहीं. परवानगी असेल तर ती खुशाल धरावी व खावी.

इंग्लंडांत नद्यांवर गळ घेऊन बसणें हा सामान्य लोकांचा मोठा छंद आहे. तेथें साध्या नदीमाशांच्या विणीचा काळ राखण्यासाठीं १८७८ सालीं कायदा झाला, आणि आजही तेथील नद्यांवर १५ मार्चपासून १५ जूनपर्यंत त्यांस गळ टाकण्याची मनाई असते. मनाई उठल्यावर धरलेला मासाही बहुधा पुन्हा पाण्यांत सोडतात. पहिली गोष्ट आम्हांस अनुकरणीय वाटते. दुसरीविषयीं आम्ही साशंक आहों. खाण्यासाठीं नव्हे, केवळ ओढ अनुभवण्यासाठीं मुक्या जीवाच्या जबड्यांत आंकडा रुतवावा आणि मग दयेनें सोडून द्यावें, ही दया थोडी उशीरा आलेली दया आहे. भोई मासा मारतो, पण त्याचा खेळ करीत नाहीं.

आतां आमच्या उपदेशक बंधूंस एक विचारावयाचें आहे. महाड तालुक्यांत काळ नदीवर वाळणकोंड नांवाचा खोल डोह आहे. तेथील मासे देवीचे मानलेले असल्यामुळें त्यांस कोणी धरीत नाहीं, आणि म्हणून तेथें मोठमोठे मासे आजही दिसतात. सोनारीसही कालभैरवनाथाच्या देवळाभोंवतीं माकडें निर्धास्त हिंडतात. त्यांस कोणी दगड मारीत नाहीं. आमच्या मंडळ्यांतील वडील माणसांनीं अशा स्थानांचें भय टाकिलें, आणि तें टाकणें योग्यच होतें असें आम्ही समजतों. पण त्या भयाच्या जागीं काय आलें? भय होतें तोंवर मासा वाचत होता. भय गेलें आणि मासाही गेला, तर सुटका कोणाची झाली?

अनुवादाच्या २२ व्या अध्यायांत पक्ष्याच्या घरट्याविषयीं एक लहानसा नियम आहे: पिलें घ्यावयाचीं तर आईस सोडून द्यावें. हा नियम वाचतांना आम्हांस नेहमी मरळ आठवते. पावसाळ्यांत मरळीचीं पिलें लालसर गोळ्यासारखीं पाण्याच्या पृष्ठाशीं तरंगतात, आणि मायबाप खालीं पहारा करितात. जाणता गळवाला आमिष नेमकें त्या पिलांजवळ टाकतो. मरळ तें भुकेनें धरीत नाहीं. पिलांवर कोणी चाल करून आलें असें समजून त्यावर झडप घालते, आणि अडकते. मग राखणदार नाहींसे झालेलीं तीं पिलें इतर मासे व बगळे यांच्या तोंडीं पडतात. कायद्यानें गळ वर्ज्य नाहीं, आमिषही वर्ज्य नाहीं. तरी त्या जागीं गळ टाकतांना हात किंचित् अडखळावा असें ज्यास वाटत नाहीं, त्यास मनाई फलक दाखवून उपयोग नाहीं.

कांहीं गांवांनीं ठरविल्यास एक खोल डोह मृग लागेपर्यंत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, तसाच राखणें अवघड नाहीं. त्यास पैसा लागत नाहीं. भोयांस विचारून तो निवडावा, कारण कोणता डोह टिकतो हें त्यांच्याइतकें कोणास कळत नाहीं. दिवसा त्यावर गांवाची नजर राहील. रात्रीचें काय, हें मात्र ज्याचें त्यानें पाहावयाचें आहे. मरळ हवेंतील श्वास घेऊं शकते, म्हणून पाणी संपल्यावरही ती ओल्या चिखलांत कित्येक दिवस पावसाची वाट पाहत जिवंत राहते. आणि ती कोणत्या जागीं दडली आहे हें कुदळ घेऊन जाणाऱ्यास पक्कें ठाऊक असतें.