खेळाडू देणारी शाळा आणि खेळ देणारी शाळा

मुंबईच्या शालेय क्रिकेटचा कणा म्हणजे हॅरिस शिल्ड आणि गाइल्स शिल्ड या दोन स्पर्धा. पहिली सोळा वर्षांखालील मुलांची, दुसरी त्याहून लहान मुलांची. हॅरिस शिल्ड 1897 पासून खेळली जाते. फोर्ट-दादरच्या शाळांनी तिच्यावर दीर्घकाळ वर्चस्व गाजवले. फेब्रुवारी 1988 मध्ये शारदाश्रम विद्यामंदिराच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी आझाद मैदानावर केलेली 664 धावांची अभेद्य भागीदारी हा त्या काळाचा कळस होय. पुढे वांद्र्याची रिझवी स्प्रिंगफिल्ड आणि बोरिवलीची स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूल अशा उपनगरी शाळांची नावे पुढे आली.

या शाळांचा वारसा सांगताना आज एकच माप वापरले जाते : भारतीय संघाला किती खेळाडू दिले? वानखेडेवर रोहित शर्माच्या नावाचा स्टँड झाला, की त्याच्या बोरिवलीच्या शाळेच्या नावापुढे एक ठळक खूण होते. अभिमान रास्त आहे, पण माप उथळ आहे.

पहिली अडचण अशी, की यादीतली अनेक मुले त्या शाळेत मुळात नव्हती. तेंडुलकर वांद्र्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून शारदाश्रमात गेला, कारण प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सरांनी तसे सुचवले. रोहित आधी दुसऱ्या शाळेत होता. 1999 मध्ये प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला हेरून आपल्या शाळेत आणले. त्याच शाळेकडून खेळलेला शार्दूल ठाकूर तर पालघरचा. अशी यादी शाळेपेक्षा प्रशिक्षकाच्या नजरेबद्दल अधिक सांगते.

दुसरी अडचण विक्रमांची. नोव्हेंबर 2013 मध्ये रिझवीच्या पृथ्वी शॉने हॅरिस शिल्डमध्ये 546 धावा केल्या. समोर बोरिवलीची सेंट फ्रान्सिस डी'असिसी ही शाळा होती. जानेवारी 2016 मध्ये कल्याणच्या के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडेने नाबाद 1009 धावा केल्या. प्रतिस्पर्धी आर्य गुरुकुलचे दोन डाव 31 आणि 52 धावांत संपले. पराक्रम निर्विवाद आहे. परंतु चेंडू आणायला सीमारेषेकडे धावणारी मुलेही कोणत्यातरी शाळेचीच होती, आणि त्यांच्या वाट्याला त्या सामन्यात किती क्रिकेट आले, हे कोणी मोजले नाही. शिवाय हजार धावा करूनही भारतीय संघाच्या यादीत नाव लागत नाही. मग त्या शाळेच्या क्रिकेटचा वारसा शून्य मानायचा का? यादीचे माप प्रामाणिकपणे लावले तर तसेच मानावे लागेल, आणि तिथेच ते माप मोडते.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. निवडणाऱ्याला नेमके काय सापडले, हे निवडीच्या दिवशी त्यालाही ठाऊक नसते. लाड सरांनी रोहितला आणले ते ऑफस्पिनर म्हणून. तो आठव्या क्रमांकावर फलंदाजीला येई. शाळेतच रोज नजरेसमोर असल्यामुळे त्याची बॅट सरांच्या लक्षात आली. त्यांनी त्याला सलामीला पाठवले आणि त्याने शतक केले. पुढे मुख्यतः गोलंदाज म्हणून नावारूपाला आलेल्या शार्दूलने शालेय सामन्यात एका षटकात सहा षटकार मारले होते. एका दिवसाच्या ट्रायलमध्ये रोहितची फलंदाजी दिसली नसती. ती दिसली, कारण त्या शाळेत रोज शिकवणारा माणूस होता. 2022 साली लाड यांना जीवनगौरव गटातील द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, तो या रोजच्या कामाचा सन्मान म्हणूनच वाचला पाहिजे.

अन्य मते थोडक्यात निकालात निघतात. ॲकॅडमी आल्याने शाळेची गरज संपली, असे म्हणणारे विसरतात की ॲकॅडमीत मुख्यतः फी भरू शकणारा मुलगा पोहोचतो. दहावीच्या वर्षात खेळ म्हणजे नुकसान, ही भीती पालकांची आहे, तो युक्तिवाद नव्हे. उपनगरांत मैदाने अपुरी आहेत हे खरे, पण कमी जागेतही खेळ होतो : आझाद मैदानावर अनेक सामने एकमेकांना खेटून होत आले आहेत.

म्हणून खेळाडू देणारी शाळा आणि खेळ देणारी शाळा यांत भेद करायला हवा. पहिली तयार मूल शोधते आणि त्याला आपले नाव देते. दुसरी आपल्या वर्गातल्या मुलाला नेट, सर आणि सामना देते. एकच शाळा दोन्ही असू शकते. बोरिवलीचे उदाहरण तसेच आहे. रोहितच्या घरच्यांना महिना 275 रुपये फी परवडणारी नव्हती, आणि शाळेने ती माफ केली. ही फीमाफी गुणवान खेळाडूसाठी होती, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही ती मिळाल्यामुळे एका मुलाला रोजचे मैदान मिळाले, आणि पुढचे सारे त्या रोजच्या मैदानातून आले.

शालेय क्रिकेटचा वारसा मोजायचा तर तीन प्रश्न पुरेसे आहेत. पाचवीत त्याच शाळेत असलेली किती मुले दहावीपर्यंत सिझन बॉलवर शाळेकडून खेळली? फी न परवडणाऱ्या किती मुलांना त्यात जागा मिळाली? आणि प्रशिक्षक निवृत्त झाल्यावर संघ टिकला का? ज्या शाळेकडे या तिन्हींची समाधानकारक उत्तरे आहेत, तिच्या फलकावर भारतीय संघातले एकही नाव नसले तरी तिचे क्रिकेट सफल मानावे.