लेन्स घेण्याआधी पंचांग

हिवाळ्यात डहाणूच्या किनाऱ्यावर कॅमेरा गळ्यात अडकवून फिरणाऱ्या नवशिक्यांच्या डोक्यात बहुधा एकच हिशेब चालू असतो. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या १८-५५ लेन्सने पाण्याच्या कडेचा पक्षी ठिपक्याएवढा येतो, तर स्वस्तातली टेलिफोटो झूम घ्यावी का? स्वस्तातली म्हणजे कॅननची ५५-२५०, निकॉनची ७०-३०० किंवा तशीच एखादी. जाणकार म्हणतात, थांब, पैसे साठव, मोठी घे. घरचे म्हणतात, आहे त्यात काय वाईट आहे? मला दोन्ही सल्ले अपुरे वाटतात, कारण ती लेन्स कुठे उभं राहून वापरायची, हे दोघेही विचारत नाहीत.

आधी पैसा कशाचा लागतो ते पाहू. ३०० मिमीची लेन्स एफ/५.६ ला उघडी ठेवायची तर तिचं उजेड घेणारं तोंड साधारण ५४ मिमी व्यासाचं लागतं. तीच एफ/२.८ ची करायची तर व्यास १०७ मिमीवर जातो. व्यास दुप्पट, म्हणून उजेड चौपट, आणि एवढ्या रुंद, निर्दोष काचा घडवणं हे भलतंच खर्चिक काम. कॅननची ५५-२५० एसटीएम ३७५ ग्रॅमची आहे. त्याच कंपनीची ३०० मिमी एफ/२.८ सव्वादोन किलोंच्या पुढे जाते. कडांचा थोडा भुसभुशीतपणा, प्लॅस्टिकचं अंग, फोकसची मंद चाल हे स्वस्त लेन्सचे दोष आहेतच. पण तिच्यातली खरी काटकसर उजेडात केलेली असते. लांबचं ती दाखवते. फक्त भरपूर ऊन असेल तर.

डहाणूच्याच मसोलीत हे चटकन कळतं. चिकूच्या वाडीत शिरा. झाड बारमाही हिरवं, पान दाट, फांद्या खाली आलेल्या. सकाळी आठ वाजतासुद्धा बुंध्याशी संध्याकाळ असते. पाचोळ्यात टुणटुणणारा दयाळ टिपायला १/५०० सेकंदाचा शटर हवा, आणि एफ/६.३ वर त्यासाठी आयएसओ ३२०० ते ६४०० पर्यंत चढवावा लागतो. मग दयाळाच्या काळ्या पिसांत रवाळ खरखर उतरते आणि फोकस पान की पक्षी यात घुटमळत राहतो. कंपन रोखणारी यंत्रणा इथे उपयोगी पडत नाही. ती तुमचा हात स्थिर करते, दयाळाची शेपटी नाही. वाडीतल्या पक्ष्यांसाठीच लेन्स हवी असेल, तर घेऊ नका.

आता तीच लेन्स घेऊन पारनाक्याकडून वाळूवर या. किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. म्हणजे सकाळी सूर्य आपल्या पाठीशी आणि पक्ष्यांच्या अंगावर. आयएसओ ४०० वर १/१६०० सेकंद सहज मिळतो. कुरव, सुरय, चिखले, तुतवार अशा उन्हात उभे असतात की सव्वादोन किलोंची लेन्स आणि ही ३७५ ग्रॅमची यांच्या फोटोंतला फरक सांगायला मोठा छापच काढावा लागेल. संध्याकाळी उलटं. मावळतीला सगळे पक्षी काळ्या आकृत्या होतात. मावळतीच्या फोटोंची हौस फोनवर भागवावी.

पण डहाणूचा समुद्र ओहोटीला इतका मागे जातो की २५० सोडा, ६०० मिमीलाही पक्षी सापडत नाही. इथे पंचांग कामाला येतं. किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा आहे: तिथीचा आकडा पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. गावागणिक थोडं मागेपुढे होतं, पण हिशेब पुरेसा आहे. एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. या दोन तिथींना उजाडल्यापासून पाणी चढत असतं, सूर्य पाठीशी असतो आणि चिखलात चोची खुपसणारे तुतवार लाटेबरोबर आपसूक तुमच्याकडे ढकलले जातात. कोरड्या वाळूवर गुपचूप बसून राहायचं, एवढंच काम. पक्षी निम्म्या अंतरावर आला की २५० चं काम ५०० सारखं होतं, आणि त्यासाठी एक पैसा पडत नाही. दहाच्या पुढे वाळू तापते, हवा थरथरू लागते. मग महागडी लेन्ससुद्धा ती थरथरच मोठी करून दाखवते.

बसून राहण्याला आणखी एक कारण आहे. हे पाहुणे हजारो किलोमीटर उडून आलेले असतात आणि परतीच्या प्रवासासाठी चरबी साठवत असतात. फोटोसाठी थवा उडवणं म्हणजे त्यांच्या ताटातलं काढून घेणं. १८-५५ वाला नाइलाजाने जवळ जातो. या एका मुद्द्यावर स्वस्त झूमचे पैसे वसूल होतात असं मी म्हणेन. मात्र तीच लांब नजर माणसांवर रोखू नये. बोंबील वाळत घालणाऱ्या बाईचा चेहरा दुरून, न विचारता टिपण्यात कसलं कसब? तिथे छोटी लेन्स लावून जवळ जावं, दोन शब्द बोलावेत.

आता “थांब, मोठी घे” या सल्ल्याबद्दल. अडचण अशी की किनारा थांबणार नाही. डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. त्याच तालुक्यातल्या वाढवणच्या बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आणि ऑगस्टअखेर पायाभरणीही झाली. बंदराच्या बाजूचे असा की विरोधातले, हा किनारा जसा आहे तसा राहणार नाही हे दोघांनाही मान्य आहे. कोणत्या तारखेला, कोणत्या खडकावर कोणता पक्षी होता याची नोंद आज करायची तर जात ओळखता येईल एवढा फोटो पुरतो. त्याला मुखपृष्ठाची धार लागत नाही. लाखाची लेन्स परवडेपर्यंत थांबणाऱ्याजवळ या वर्षांची एकही नोंद नसेल.

घ्यायची ठरली तर जुनी घ्या. २०१८ नंतर कॅनन आणि निकॉन दोघेही मिररलेसकडे वळले, तशा डीएसएलआरच्या लेन्सा लोक विकायला काढू लागले. डहाणू लोकलने मुंबई गाठून फोर्टात बोरा बाजारला जा. स्वतःचा कॅमेरा आणि एक टॉर्च बरोबर असू द्या. टॉर्च एका बाजूने मारून दुसऱ्या बाजूने काचेत पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. दुकानदार काहीही म्हणो, परत ठेवा. निकॉनवाल्यांनी आपल्या कॅमेऱ्यावर लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, कारण एएफ-पी प्रकारच्या लेन्सा डी९०, डी७००० सारख्या जुन्या कॅमेऱ्यांवर फोकस करत नाहीत. कॅननची ७५-३०० स्वस्त दिसते, पण तिच्या बहुतेक आवृत्त्यांत कंपनरोधक नाही. तशी कितीही कमी किमतीत मिळाली तरी नको. आणि घरी आणलेली लेन्स पावसाळ्यात कपाटातल्या कापडी पिशवीत ठेवू नका. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल, आणि जेलचा रंग बदलला की ते वाळवून पुन्हा आत.

माझा कौल: किनाऱ्यासाठी आणि खाडीसाठी ५५-२५०, कंपनरोधकासह, जुनी, दिवाळीच्या आत घ्यावी. वाडीसाठी घेऊ नये.