पहारेकरी आणि पेरणारा

वचन : यहेज्केल 33:1-7, 1 करिंथ 3:5-9

यहेज्केल संदेष्ट्याला देवाने पहारेकऱ्याचे काम सोपवले, हे आपण सर्व जाणतो. पहारेकरी म्हणजे गावातला सर्वांत बलवान मनुष्य नव्हे. तो बघणारा मनुष्य. तलवार येताना त्याने पाहावी आणि कर्णा वाजवावा, एवढेच त्याच्याकडून मागितले आहे. ऐकूनही गाव उठले नाही तर तो दोष गावाचा. पण पाहूनही तो गप्प राहिला, तर मात्र दोष त्याचा.

ह्या वचनाचे मनन करताना अमेरिकेतील माईक सिंगलटरी ह्या खेळाडूची आठवण होते. तेथे ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. चेंडू लंबगोल, तो हातात घेऊन पळायचे किंवा फेकायचे, अंगावर चिलखतासारखा पोशाख, डोक्यावर हेल्मेट. प्रत्येक बाजूस अकरा गडी. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे आणि समोरच्यांनी त्यांना अडवायचे. अडवणाऱ्यांच्या पहिल्या रांगेत धिप्पाड गडी असतात, आणि त्यांच्या पाठीमागे उभा असतो तो लाइनबॅकर. मधला लाइनबॅकर म्हणजे तर खरोखर पहारेकरीच. शत्रू कसा उभा आहे, चेंडू कोणाकडे जाईल, हे क्षणात ओळखून त्याने ओरडून आपल्या लोकांना जागा सांगायच्या असतात.

सिंगलटरीचा जन्म 1958 साली टेक्सासमधील ह्यूस्टन शहरात झाला. दहा भावंडांत तो धाकटा. वडील उपदेशक. परंतु हा मुलगा बारा वर्षांचा असताना आईवडील विभक्त झाले, आणि त्याच सुमारास दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याच्या धडकेत त्याचा एक भाऊ गेला. उपदेशकाच्या घरातील ही मोडतोड मुलाच्या मनाला किती लागली असेल, ते वेगळे सांगायला नको. अशा वेळी आईने त्याला जवळ घेतले आणि घरातला कर्ता पुरुष आता तू, असे सांगितले. मुलाने कागदावर आपली ध्येये लिहून काढली : शिष्यवृत्ती मिळवायची, पदवी घ्यायची, व्यावसायिक संघात खेळायचे, आईला घर घेऊन द्यायचे. पुष्कळ मुले असे कागद लिहितात. ह्याने तो पाळला.

बेलर हे टेक्सासमधील बाप्टिस्ट विद्यापीठ. तेथे तो इतक्या जोराने भिडे की चार वर्षांत त्याने सोळा हेल्मेटे फोडली अशी प्रसिद्धी आहे. सगळी स्वतःचीच, हे विशेष! 1981 साली शिकागो बेअर्स ह्या संघाने त्याला घेतले, तेही दुसऱ्या फेरीत, अडतिसाव्या क्रमांकावर, कारण त्या जागेच्या मानाने त्याची उंची कमी समजली जाई. आरंभी बडी रायन हे त्याचे प्रशिक्षक चेंडू फेकला जाण्याचा प्रसंग आला की त्याला बाहेर बसवीत. त्याला ते फार झोंबे. परंतु तो रुसून बसला नाही. खेळाच्या फिल्मा पुन्हा पुन्हा पाहून त्याने अभ्यास केला, आणि पुढे त्याला मैदानाबाहेर काढण्याचे कोणाच्या मनातही येईना. त्याचे ते टक लावून पाहणारे विस्फारलेले डोळे साऱ्या देशाच्या परिचयाचे झाले. 1985 च्या हंगामात बेअर्सनी सोळांपैकी पंधरा सामने जिंकले, आणि 26 जानेवारी 1986 रोजी न्यू ऑर्लिन्स येथील सुपर बोलमध्ये न्यू इंग्लंडला 46-10 असे हरवले. बारा हंगामांत तो फक्त दोन सामन्यांना मुकला. 1998 साली त्याला हॉल ऑफ फेमचा मान मिळाला.

येथपर्यंत ही यशाची गोष्ट आहे, आणि यशाच्या गोष्टी आपण शब्बाथशाळेत पुष्कळ सांगतो. मला तिचा पुढचा भाग अधिक बोधक वाटतो.

ऑक्टोबर 2008 मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स संघाने आपल्या मुख्य प्रशिक्षकाला मधूनच काढले आणि ती जागा सिंगलटरीला दिली. पहिला सामना 26 ऑक्टोबरला सिअ‍ॅटलशी. मध्यंतरात संतापाच्या भरात त्याने खेळाडूंसमोर जे केले ते ह्या मासिकात लिहिण्यासारखे नाही. पुढे व्हर्नन डेव्हिस ह्या तरुण, गुणी पण उर्मट खेळाडूने प्रतिस्पर्ध्याच्या तोंडावर हात मारला व संघाला पंधरा यार्डांचा दंड झाला. डेव्हिसला त्याची काही खंत वाटत नाही असे पाहून सिंगलटरीने त्याला सामना चालू असतानाच कपडे बदलण्याच्या खोलीत पाठवून दिले. ज्याला संघापेक्षा स्वतः मोठा वाटतो त्याच्यावाचून कमी माणसांनिशी खेळणे मला पसंत आहे, अशा अर्थाचे तो नंतर वार्ताहरांपुढे बोलला. सामना 34-13 असा हरला.

शिक्षकांनो, वर्गातील सर्वांत हुशार मुलगा जेव्हा सर्वांत त्रासदायक असतो, तेव्हा आपण काय करतो? बहुधा त्याला सांभाळून घेतो, कारण स्नेहसंमेलनात पाठांतर तोच छान म्हणणार. एली याजकाने आपल्या मुलांना आवरले नाही, त्याचा परिणाम आपणांस ठाऊक आहे. सिंगलटरीने आवरले. आणि डेव्हिस बदलला. 2009 च्या हंगामात त्याने तेरा टचडाऊन झेल घेतले व त्याच्या जागेवरील खेळाडूच्या तेव्हाच्या विक्रमाशी बरोबरी केली. त्या दिवशीच्या शिक्षेनेच आपल्याला संघाचा अर्थ कळला, असे त्याने पुढे उघडपणे सांगितले.

तरी सिंगलटरीच्या प्रत्येक रागाला मी पवित्र राग म्हणणार नाही. पौल रोमकरांस लिहिताना ज्ञानावाचूनच्या आवेशाविषयी जे लिहितो, ते ह्या प्रशिक्षकालाही लागू पडते. मैदानावर असताना आपल्या डोळ्यांनी पाहिलेले आपल्याच हातांनी पुरे करता येत होते. प्रशिक्षकाला रेषेच्या आत पाऊल टाकता येत नाही. त्याचे पाहणे दुसऱ्याच्या हातापायांत उतरावे लागते, आणि ते ओरडून उतरत नाही. संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा सूत्रधार, अ‍ॅलेक्स स्मिथ. ऑक्टोबर 2010 मध्ये एका सामन्यात सिंगलटरी त्याच्यावर सर्वांदेखत कडाडला. त्याला बदलण्याचा हुकूम दिला आणि मग पुन्हा ठेवले. त्या हंगामात कधी हा तर कधी दुसरा, असे चालले. ज्याच्या डोक्यावर रोज टांगती तलवार, त्याचा हात स्थिर कसा राहणार? आपल्या मंडळ्यांतही उत्साही तरुण कार्यकर्त्यांचे असे होताना दिसते, म्हणून हे लिहितो. डिसेंबर 2010 मध्ये हंगाम संपण्यापूर्वीच सिंगलटरीला काढले गेले. अठरा विजय, बावीस पराभव.

पुढे जिम हार्बॉ हे प्रशिक्षक आले. खेळाडू बव्हंशी तेच. संघाने त्या हंगामात तेरा सामने जिंकले आणि फक्त तीन हरले. 14 जानेवारी 2012 रोजी न्यू ऑर्लिन्सविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात अवघे नऊ सेकंद उरले असताना विजयी चेंडू फेकला तो अ‍ॅलेक्स स्मिथने, आणि गर्दीतून तो झेलला व्हर्नन डेव्हिसने. एकाला बाहेर पाठवले होते, दुसऱ्यावर ओरडले होते. डेव्हिस रडत येऊन बिलगला तो हार्बॉला.

करिंथच्या मंडळीत कोणी पौलाचे, कोणी अपुल्लोसचे, असे तट पडले होते. पौलाने त्यांना शेताकडे पाहायला लावले : लावणारा वेगळा, पाणी घालणारा वेगळा, आणि वाढवणारा देव. हे वचन आपण भांडणे मिटवायला वापरतो. पण जो लावून निघून गेला त्याच्या बाजूने ते कधी वाचून पाहावे. स्मिथ हार्बॉच्या हाताखाली का फुलला, ह्याचे श्रेय हार्बॉचेच. त्याने धीर दिला, एकाच माणसावर विश्वास टाकला. डेव्हिसच्या आयुष्यातील नांगरट मात्र पूर्वीच झाली होती. नबो डोंगरावर मोशेला देश दाखवला गेला, पाय ठेवू दिला नाही. आणि त्यात मोशेचा स्वतःचा दोषही होता, हे शास्त्र लपवीत नाही.

सिंगलटरीचे पुढे काय झाले? राष्ट्रीय लीगमध्ये मुख्य प्रशिक्षकाचे पद त्याला पुन्हा मिळाले नाही. 2019 च्या वसंतात एका नव्या लीगमधील मेम्फिसचा संघ त्याच्याकडे होता. हंगाम पुरा होण्याआधी ती लीगच बुडाली. 2018 व 2019 ह्या दोन हंगामांत त्याने डॅलसजवळील अ‍ॅडिसन येथील ट्रिनिटी ख्रिश्चन अ‍ॅकॅडमी ह्या शाळेच्या मुलांना शिकवले. बावीस सामन्यांत तो संघ एकच जिंकला. सुपर बोलची अंगठी मिळवलेला साठीचा मनुष्य पराभवामागून पराभव होत असताना, पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच मुलांपुढे, त्याच मैदानाच्या कडेला उभा राहत होता.